खापरखेड्याची जमीन आणि मोजणीचे आधारबिंदू

नागपूरच्या उत्तरेस वीस-बावीस किलोमीटरांवर, सावनेर तालुक्यात वसलेले खापरखेडा आज औष्णिक विद्युत केंद्रामुळे आणि भोवतालच्या कोळसा खाणींमुळे ओळखले जात असले, तरी भूमापनाच्या अभ्यासकाला हा परिसर वेगळ्या कारणाने महत्त्वाचा वाटतो. येथील जमीन मध्य प्रांताच्या बंदोबस्तात जरिबेने मोजली गेली, विसाव्या शतकात खाणीच्या आणि वीज प्रकल्पाच्या नकाशांवर थिओडोलाइटने नव्याने उतरवली गेली, आणि आता उपग्रहांचे संदेश टिपणाऱ्या रिसीव्हरने तिसऱ्यांदा मोजली जात आहे. प्रत्येक नव्या साधनाने मापाची सूक्ष्मता वाढवली, हे खरे. पण ते माप ज्या खुणेला बांधायचे ती जमिनीवरची खूण शाबूत आहे काय, हा प्रश्न एकाही साधनाने निकालात काढला नाही, आणि या भागातील मोजणीचा इतिहास पाहताना तोच प्रश्न धरून चालणे इष्ट ठरते.

शास्त्रीय भूमापनाचा विदर्भाशी आलेला पहिला मोठा संबंध एका मृत्यूने नोंदला गेला आहे. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट येथे आधाररेषा मोजून ज्याने भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला, तो विल्यम लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावला आणि तेथेच त्याचे दफन झाले. आधाररेषा म्हणजे साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजलेली सरळ रेषा. तिच्या दोन टोकांपासून दूरच्या टेकडीकडे कोन मोजले, की त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणिताने मिळतात, आणि त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण रचत गेल्यास प्रत्यक्ष साखळी न ओढता शेकडो मैलांचा प्रदेश एका जाळ्यात आणता येतो. लॅम्ब्टनची ही त्रिकोणमाला अठ्ठ्याहत्तराव्या रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेकडे सरकत होती. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ती हिमालयापर्यंत नेली आणि पृथ्वीच्या आकाराचे जे गणिती रूप १८३० मध्ये मांडले, त्याच्याच आधारे भारताचे नकाशे पुढची पावणेदोनशे वर्षे काढले गेले. या गणिती रूपाला विवृत्ताभ म्हणतात, म्हणजे ध्रुवांपाशी किंचित चपटा असा कल्पित गोल.

हे जाळे शेतापर्यंत मात्र पोहोचत नव्हते. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली, आणि सारा ठरवण्यासाठी गावोगावची शेते मोजण्याची गरज निर्माण झाली. नागपूर जिल्ह्याचा १८६० च्या दशकातला पहिला दीर्घ मुदतीचा बंदोबस्त आणि १८९० च्या दशकात रेजिनाल्ड क्रॅडॉक या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झालेला दुसरा बंदोबस्त यांच्या दरम्यान मोजणीची जी पद्धत स्थिरावली, तिचे दोन टप्पे होते. प्रशिक्षित सर्वेक्षकांनी थिओडोलाइट या कोनमापक यंत्राने गावाच्या शिवेभोवती मुख्य बिंदू निश्चित करायचे, आणि त्या चौकटीच्या आतील धुरे, नाले, पांदण व वस्ती पटवाऱ्याने जरीब आणि फलकयंत्र यांच्या साहाय्याने भरायची. जरीब म्हणजे ६६ फूट लांबीची, १०० कड्यांची साखळी. अशा ८० जरिबांचा एक मैल आणि १० चौरस जरिबांचा एक एकर होत असल्याने पटवाऱ्याला क्षेत्रफळ काढताना दशमान आकडेमोड पुरत असे. मुख्य बिंदूंवर आणि तीन गावांच्या शिवा मिळतात तेथे दगड रोवले जात, ज्यांना मध्य प्रांताच्या व्यवहारात चांदा म्हणत, आणि पुढच्या काळात शेताच्या हद्दीचा वाद उभा राहिला की मोजणी अशाच एखाद्या दगडापासून सुरू होई.

या पद्धतीचे मोल आणि तिची मर्यादा दोन्ही कागदाच्या प्रमाणात दडलेली आहेत. मध्य प्रांतातील गावनकाशे सोळा इंचांस एक मैल या प्रमाणावर, म्हणजे १:३९६० वर काढलेले आहेत, याचा अर्थ कागदावरील एक मिलिमीटर जमिनीवर जवळजवळ चार मीटर होतो. शाईच्या रेषेची जाडी पाव मिलिमीटर धरली, तरी धुऱ्याची एकटी रेषाच जमिनीवर एक मीटर रुंद ठरते. त्यात शंभर वर्षे घड्या पडलेला, पावसाळ्यात फुगलेला आणि उन्हाळ्यात आक्रसलेला कागद किंवा कापडी प्रत विचारात घेतली, तर त्या नकाशावरून हद्द दाखवताना काही फुटांचे अंतर राहणे स्वाभाविक होते. तत्कालीन महसूल व्यवस्थेला ते चालत असे, कारण सारा एकरावर आकारला जाई आणि धुऱ्याची जागा गावाला ठाऊक असे. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, महसूल कायदा बदलला. तरी खसऱ्याचे ते नकाशेच हद्दीचा मूळ आधार राहिले.

उंचीच्या मोजणीचा इतिहास याहून वेगळ्या वाटेने गेला. नागपुरातील शून्य मैलाचा स्तंभ देशाचा मध्यबिंदू म्हणून लोकप्रिय आहे. परंतु भूमापकाच्या दृष्टीने त्याचे खरे महत्त्व असे, की विसाव्या शतकाच्या आरंभी त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने तेथे प्रमाण तलचिन्ह स्थापले आणि समुद्रसपाटीपासूनची उंची, १०२० फुटांहून किंचित अधिक, तेथे कोरून ठेवली. तलचिन्ह म्हणजे ज्याची उंची निश्चित झाली आहे असा कायमचा बिंदू. देशातील नऊ बंदरांवर भरती-ओहोटीची दीर्घकाळ निरीक्षणे घेऊन समुद्राची सरासरी पातळी काढण्यात आली, तेथून लेव्हल यंत्राने टप्प्याटप्प्याने उंची आतल्या भागात आणण्यात आली, आणि १९०९ मध्ये या सर्व रेषांचा एकत्रित गणिती मेळ घालण्यात आला. ज्या शहरापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे तेथे समुद्राची पातळी दगडावर टिकवून ठेवणे, हे काम आजच्या उपग्रहयुगातही थक्क करणारे आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे ते अद्याप कालबाह्य झालेले नाही.

खापरखेड्याच्या भूमीचे रूप बदलले ते कोळशामुळे आणि विजेमुळे. कामठी कोळसा क्षेत्राच्या या पट्ट्यात सिल्लेवाडा, वलनी, पिपळा, पाटणसावंगी, सावनेर अशा खाणी उभ्या राहिल्या, ज्या १९७० च्या दशकातील राष्ट्रीयीकरणानंतर नागपुरात मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आल्या. औष्णिक केंद्रात १९८९ पासून प्रत्येकी २१० मेगावॉटचे चार संच आणि २०११ मध्ये ५०० मेगावॉटचा एक संच येऊन एकूण क्षमता १३४० मेगावॉट झाली. कन्हान आणि कोलार या नद्यांच्या खोऱ्यातली शेती संपादित होऊन तेथे राखेचे तलाव, कोळशाचे वाहक पट्टे, रेल्वेचे फाटे आणि उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे आले, आणि ज्या धुऱ्यांवर, बाभळींवर, विहिरींवर जुना नकाशा जमिनीला जुळवून घेता येत असे, त्या खुणांपैकी अनेक नाहीशा झाल्या. नव्या साधनाची निकड अशा ठिकाणी सर्वाधिक भासते, आणि त्याला टेकायला आधारही अशाच ठिकाणी सर्वांत कमी सापडतो.

उपग्रहाद्वारे स्थान निश्चित करण्याची अमेरिकी प्रणाली, जी जीपीएस या नावाने सर्वतोमुखी झाली, तिचा पहिला उपग्रह २२ फेब्रुवारी १९७८ रोजी सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये ती पूर्णांशाने कार्यान्वित झाली. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारा प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि वेळ सतत प्रसारित करतो, आणि संदेश पोहोचायला लागलेल्या वेळावरून रिसीव्हर अंतर काढतो. अक्षांश, रेखांश व उंची या तीन अज्ञातांच्या जोडीला रिसीव्हरच्या साध्या घड्याळाची चूक हे चौथे अज्ञात असल्यामुळे किमान चार उपग्रह दिसावे लागतात. या मार्गाने मिळणारी जागा काही मीटरांनी चुकते, कारण वेळेत एका सेकंदाच्या अब्जांश भागाची चूक झाली तरी अंतरात तीस सेंटिमीटरांचा फरक पडतो. वाहनचालकाला हे पुरते, जमिनीच्या हद्दीला पुरत नाही.

भूमापनासाठी उपयोगी पडली ती वेगळी युक्ती. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत चार्ल्स काउन्सेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संदेशातील सांकेतिक मजकूर बाजूला ठेवून तो वाहून आणणाऱ्या रेडिओ लहरीच मोजण्याचे तंत्र विकसित केले. मुख्य संदेशाच्या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असल्याने तिचा अंशात्मक भाग मिलिमीटरांपर्यंत वाचता येतो. अडचण इतकीच, की उपग्रह आणि रिसीव्हर यांच्यामध्ये पूर्ण लहरी किती बसल्या हे यंत्राला आरंभी ठाऊक नसते. हा अज्ञात पूर्णांक सोडवण्यासाठी एक रिसीव्हर ज्ञात बिंदूवर स्थिर ठेवतात, ज्याला बेस म्हणतात, आणि दुसरा मोजायच्या बिंदूंवर फिरवतात, ज्याला रोव्हर म्हणतात. दोघांनाही तेच उपग्रह दिसत असल्याने कक्षेच्या, घड्याळाच्या आणि वातावरणाच्या बहुतेक चुका वजाबाकीत निघून जातात. आरंभी दोन्ही यंत्रे तासन्तास स्थिर ठेवून गणित मागाहून कार्यालयात केले जाई. पुढे बेसची निरीक्षणे रेडिओने किंवा मोबाइल जाळ्यावरून रोव्हरला क्षणोक्षणी पोहोचू लागली आणि जागेवरच उत्तर मिळू लागले.

भारतात या तंत्राचा मार्ग नकाशांच्या धोरणातून गेला. जुने नकाशे एव्हरेस्टच्या विवृत्ताभावर आणि मध्य भारतातील कल्याणपूर या मूळबिंदूवर उभे होते, तर उपग्रह पृथ्वीच्या गुरुत्वमध्याला केंद्र मानणाऱ्या जागतिक विवृत्ताभावर बोलतात. त्यामुळे नागपूर परिसरातल्या एकाच दगडाचे दोन पद्धतींतील अक्षांश-रेखांश जमिनीवर शंभर मीटरांहून अधिक अंतराने भिन्न येतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी जागतिक पद्धतीची स्वतंत्र नकाशामाला मान्य केली, भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर उपग्रहाधारित नियंत्रण बिंदूंचे जाळे उभारले, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भूस्थानिक माहितीवरील बहुतेक परवान्यांची अट काढून टाकली. नव्या नकाशामालेत देश सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांत विभागला जातो, आणि त्यातील त्रेचाळिसाव्या व चव्वेचाळिसाव्या पट्ट्यांची सीमा अठ्ठ्याहत्तराव्या रेखावृत्तावर, म्हणजे लॅम्ब्टनच्या त्रिकोणमालेच्या मार्गाजवळूनच जाते. अमरावती शहर त्रेचाळिसाव्या पट्ट्यात, तर यवतमाळ, नागपूर आणि खापरखेडा चव्वेचाळिसाव्या पट्ट्यात येतात. पश्चिम महाराष्ट्रासाठी मांडलेली पट्ट्याची निवड यंत्रात तशीच राहिली, तर येथील सारे आकडे निरर्थक होतात.

प्रत्यक्ष यंत्र मांडण्याची क्रिया साधी दिसते. तिच्यातील प्रत्येक पायरी मात्र पुढच्या सर्व मापांवर परिणाम करते. बेससाठी मोकळ्या आकाशाची जागा निवडून तिपाईचे पाय जमिनीत रोवले जातात, तिच्या माथ्यावर ट्रायब्रॅक, म्हणजे तीन समतल स्क्रूंची बैठक, बसवली जाते, आणि बैठकीतील छोट्या दुर्बिणीतून खाली पाहून तिचा मध्य दगडावर कोरलेल्या फुलीवर आणला जातो. बुडबुडा मध्यावर आणताना फुली सरकते आणि फुली जुळवताना बुडबुडा ढळतो, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी जुळेपर्यंत स्क्रू आणि तिपाईचे पाय आळीपाळीने हलवावे लागतात. त्यानंतर दगडापासून अँटेनापर्यंतची उंची टेपने दोन-तीन बाजूंनी मोजून नोंदली जाते, आणि ती तिरकी मोजली की उभी, अँटेनाच्या कोणत्या कडेपर्यंत मोजली, हेही यंत्राला सांगावे लागते. येथील दहा सेंटिमीटरांची चूक रोव्हरच्या प्रत्येक बिंदूच्या उंचीत जशीच्या तशी उतरते आणि पडद्यावर कोठेही दिसत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे अनुभवी भूकरमापक याच टप्प्यावर सर्वाधिक वेळ का घालवतात ते कळते.

रोव्हर दोन मीटरांच्या दांड्यावर बसवलेला असतो. दांड्याचे टोक बिंदूवर टेकवून गोल बुडबुडा मध्यावर धरायचा आणि हातातील नियंत्रकाच्या पडद्यावर ‘फिक्स’ ही स्थिती येण्याची वाट पाहायची. ‘फिक्स’ म्हणजे लहरींचा पूर्णांक सुटला आणि अचूकता एक-दोन सेंटिमीटरांवर आली; ‘फ्लोट’ म्हणजे तो अद्याप अंदाजात आहे आणि चूक काही डेसिमीटरांची असू शकते. क्वचित पूर्णांक चुकीचा सुटूनही यंत्र ‘फिक्स’ दाखवते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आणि संपवल्यावर एखाद्या ज्ञात बिंदूवर रोव्हर टेकवून आकडा पडताळणे, आणि महत्त्वाच्या हद्दीचे बिंदू काही वेळाने पुन्हा मोजणे, ही पडताळणी टाळता येत नाही. खापरखेड्यासारख्या ठिकाणी तिची गरज अधिक आहे, कारण चिमण्या, पत्र्याचे शेड, राखेच्या नळांचे लोखंडी आधार आणि वाहिन्यांचे मनोरे यांवरून परावर्तित झालेली लहर थेट आलेल्या लहरीत मिसळते आणि अंतर फसवे वाढवते. क्षितिजालगतच्या उपग्रहांचे संदेश सर्वाधिक दूषित असतात, म्हणून दहा ते पंधरा अंशांखालील उपग्रह वगळण्याची सूचना यंत्राला दिली जाते.

दुसरी अडचण डोळ्यांना न दिसणारी आहे. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनांबराची, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराची, घनता फार वाढते, आणि उत्तरेकडील हा दाट पट्टा मध्य भारतावरून जातो. दुपारी घनता शिगेला पोहोचते, तर सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास व सूर्यावरील डागांच्या भरात, संदेश थरथरू लागतात आणि ‘फिक्स’ वारंवार सुटते. विदर्भातील उन्हामुळे मोजणी सकाळीच उरकण्याकडे कल असतो, आणि यंत्राच्या दृष्टीनेही तीच वेळ अनुकूल ठरते.

स्वतःचा बेस मांडण्याचे काम अलीकडे अनेक ठिकाणी कमी झाले आहे, कारण भारतीय सर्वेक्षण विभागाने राज्यात ७७ सतत कार्यरत संदर्भ केंद्रे उभारली आहेत, जी कॉर्स या संक्षेपाने ओळखली जातात. इमारतीवर किंवा खांबावर कायमचे बसवलेले हे रिसीव्हर रात्रंदिवस निरीक्षणे मध्यवर्ती संगणकाकडे पाठवतात, आणि संगणक शेतातील रोव्हरसाठी त्याच्या जवळच्या कल्पित केंद्राच्या दुरुस्त्या तयार करून मोबाइलवरून पुरवतो. जमाबंदी आयुक्तांच्या अखत्यारीतील भूमि अभिलेख विभागाने याच आधारावर रोव्हरने मोजणी सुरू केली, त्यामुळे जेथे दिवस लागे तेथे काही तास पुरू लागले. भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत असल्याने दगडाचे जागतिक निर्देशांक वीस वर्षांत मीटरभर बदलतात. सर्व आकडे एका ठरावीक संदर्भवर्षाला बांधून ठेवण्याचे काम ही केंद्रे करतात, आणि एका अर्थाने प्रत्येक केंद्र हा एकोणिसाव्या शतकातील चांद्याचाच वारस आहे.

दोन गोष्टी मात्र उपग्रहांच्या आवाक्यात येत नाहीत. पहिली उंचीची. रिसीव्हर विवृत्ताभापासूनची उंची देतो, आणि भारतात समुद्राची सरासरी पातळी त्या कल्पित पृष्ठभागाच्या बरीच खाली असल्याने समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंच असलेली खापरखेड्याची जमीन यंत्रावर पन्नास मीटरांहून अधिक कमी उंचीची दिसते. राखमिश्रित पाणी किंवा कन्हानचा पूर गुरुत्वाकर्षणाच्या पातळीप्रमाणे वाहतो. म्हणून राखेच्या तलावाचा बांध किंवा नाल्याचा उतार ठरवताना हे अंतर प्रतिमानाने दुरुस्त करावे लागते आणि त्याची खात्री अखेर लेव्हल यंत्राने, शून्य मैलाच्या स्तंभाशी नाते सांगणाऱ्या एखाद्या तलचिन्हावरून, करून घ्यावी लागते.

दुसरी मर्यादा जमिनीखालची. भूमिगत खाणीत उपग्रहाचा संदेश पोहोचत नसल्याने खाण सर्वेक्षक रिसीव्हरने मुखाशी बिंदू निश्चित करतात आणि तेथून टोटल स्टेशन किंवा थिओडोलाइटने कोन व अंतरे मोजत बोगद्यांत उतरतात. खाण नियमांनुसार रेल्वेमार्ग, सार्वजनिक बांधकामे आणि इमारती यांच्यापासून ४५ मीटरांच्या आत परवानगीशिवाय काम नेता येत नाही, त्यामुळे वरच्या आणि खालच्या नकाशाचा मेळ चुकला तर त्याचा परिणाम थेट माणसांच्या घरांवर होतो.

हद्दीच्या वादात रोव्हरची स्थिती अधिक नाजूक असते. यंत्र दोन सेंटिमीटरांपर्यंत जागा सांगते, पण कोणता बिंदू हद्दीचा हे खसऱ्याचा नकाशाच सांगतो, ज्याची रेषा मीटरभर जाड आहे. जुना नकाशा उपग्रहीय निर्देशांकांत बसवताना किमान काही मूळ खुणा जमिनीवर ओळखाव्या लागतात. तीन गावांच्या शिवेचा दगड, जुन्या विहिरीचे तोंड, न हललेला धुरा अशा चार-पाच ठिकाणी रोव्हर टेकवून त्यांवर संपूर्ण नकाशा ताणला किंवा आक्रसला जातो. खुणा चुकीच्या निवडल्या, तर निकाल अत्यंत अचूक आकड्यांत चुकीचा येतो, आणि आकड्यांच्या रुबाबामुळे तो खोडून काढणे शेतकऱ्याला साखळीच्या काळापेक्षा अधिक कठीण जाते. म्हणूनच लगतधारकांना नोटीस देणे, त्यांच्या समक्ष वहिवाट दाखवून घेणे आणि पंचनामा करणे या जुन्या रीती नव्या यंत्राबरोबर ढिल्या होता कामा नयेत. उलट त्या अधिक काटेकोर व्हायला हव्यात.

मोजणीनंतर धारकाला मिळणाऱ्या नकाशाच्या ‘क’ प्रतीवर आता हद्दीच्या बिंदूंचे निर्देशांक येऊ लागले आहेत. त्या आकड्यांसोबत नकाशा कोणत्या जुन्या खुणांवर बसवला आणि प्रत्येक खुणेवर किती फरक राहिला, हेही त्याच कागदावर नोंदले गेले, तर पुढच्या मोजणीदाराला तो निष्कर्ष तपासता येईल. खापरखेड्याच्या भोवती संपादनातून वाचलेले शिवेचे दगड मोजके उरले असल्यामुळे त्यांचे निर्देशांक आधी घेऊन ठेवणे आणि मगच त्यांच्या आधाराने शेते मोजणे, हा क्रम तेथे तरी पाळला जायला हवा.